बादलीतली कांद्याची सालं

“काल अळूवड्या होत्या का?”

दिल्लीत, करोल बागेतल्या त्या पार्कात ओल्या कचऱ्याची बादली पुढे करणारी उत्तरा चपापलीच. खताच्या खड्ड्यांवरचा तो उंच सुपरवायझर बादलीतली अळूची देठं बघून हसत होता.

“आमच्या घरीही निघतात ही. मी सुधन्वा. पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेला.”

झालं. घरात इकडची काडी तिकडे न करणारी उत्तरा तीन महिने न चुकता बादली नेऊ लागली. तो बादली बघून घरचा स्वयंपाक ओळखायचा.

“बटाट्याची सालं, शेंगांची टरफलं... उपास कुणाचा? तुमचा? चांगला नवरा मिळावा म्हणून?”

“खड्ड्याकडे बघा जरा,” ती म्हणायची, आणि दिवसभर हसायची.

आज मात्र ती घड्याळ बघतच आली होती. काल पुण्याची मंडळी तिला बघून, पसंत करून गेली होती. बाबा दहा वाजता होकाराचा फोन करणार होते. आपण होऊन बोलायची तिची छाती नव्हती. म्हणून तिने कांद्याची सालं मुद्दाम वर ठेवली होती. त्याने पाहिलंच नाही तर?

त्याने पाहिलं. बादली उलटली, वर सुका पाला पसरायला घेतला, पण हसला नाही.

“इतके कांदे?”

“पाहुणे होते.”

“लिंबं, करवंटी, कोथिंबीर...” त्याने मान वर केली. “पोहे. म्हणजे पसंत पडलात?”

“त्यांना.”

“आणि तुम्हाला—?”

“बाबा दहाला फोन करणार आहेत.”

खड्ड्यातून वाफ येत होती. तो नुसता पाला सारखा करत राहिला. उत्तराला रडू यायचंच बाकी होतं.

“खताला तीन महिने लागतात,” तो शेवटी म्हणाला. “मीही थांबलो होतो. नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट पक्कं झालं, की बोलू म्हटलं.”

“झालं?”

“नाही. पण यार, पोहे झाले की तुमच्याकडे... आता कशाला थांबू? मला तुम्ही आवडता, उत्तरा. आम्ही घरी तिघं आहोत. रविवारी आलो, तर कांदे किती लागतील?”

तिला एकदम हसूही आलं आणि रडूही.

“चार. पण सालं तुम्ही उचलायची.”

“बिल्कुल.”

दहाला दहा मिनिटं कमी होती. बादली तिथेच टाकून उत्तरा घराकडे धावत सुटली.