एका नावाचा गारवा

बाहेर त्रेपन्न अंश होते आणि अंजिराबाईंच्या घरातली गारव्याची तोटी सकाळी अकरालाच मिटली होती.

चंद्रपुरात आता पाण्यासारखा गारवाही नळानं येई. बंद कोळसाखाणींच्या पोटात गार केलेलं पाणी घरोघरच्या भिंतींतून फिरे. कंपनीनं दर आभाळाला नेले, तेव्हा याच अंजिराबाईंनी गल्लीतल्या बायका घेऊन नियामकाच्या दारात ठाण मांडलं होतं. आठव्या दिवशी कायदा झाला, देहमर्यादेचा. माणसाचा देह म्हणजे पेटती चूल. तिची धग ओढून घ्यायला लागेल तेवढ्याच गारव्याचे पैसे घ्यायचे, वर दमडी नाही. कंपनीनं मान डोलावली आणि माणशी तेवढाच गारवा सोडून तोटी मिटायला लागली.

घरात नोंदलेली नावं दोन: अंजिराबाई आणि बाळंतपणाला आलेली लेक रेवती. देह मात्र तीन. तिसरा पाच दिवसांची पोर. ती आता रडतही नव्हती.

नियामकाच्या शास्त्रज्ञ मोहरीलबाई तपासणीला आल्या. "आजी, बाळाची नोंद काहून नाही केली?"

"कालच पाचवी पुजली. बारशाआधी नाव ठेवते का कोणी?"

"यंत्राला नावाशिवाय देह दिसत नाही. दवाखान्यातही तेच. आणि नव्या नावाला सुनावणी, सात दिवस. कंपनीनं खोटी नावं घुसवू नयेत म्हणून."

"मग जास्तीचे पैसे घ्या न! मी देते."

"घेतले तर ग्राहकाला लुटल्याचा गुन्हा होतो. तुमच्याच रक्षणासाठी..."

"मोठं आलं रक्षण! वाघानं खाऊ नये म्हणून गाय विहिरीत लोटली."

मोहरीलबाई तोटीजवळच्या यंत्राकडे वळल्या. "घरातलं जुनं नाव मोकळं झालं, तर बाळाला लगेच मिळतं."

"माझं लिही."

"आई!" रेवती ओरडली. "जित्या माणसाचं नाव ठेवत नाहीत गं!"

"तुमची नवी नोंद होईपर्यंत सात दिवस तुम्हाला कुठेच गारवा नाही मिळणार, आजी."

"कायदा मागायला मीच बसले होते न? सरक."

त्यांनी यंत्रावर अंगठा टेकवला. नव्या देहाचा आजचा गारवा मंजूर झाला; तोटी उघडली, भिंतीला घाम फुटला. जरा वेळानं पोरीनं क्षीण टाहो फोडला. 'घरात दोन देह. ग्राहक सुरक्षित,' यंत्रानं लिहिलं.

तिसरी चूल आत नको म्हणून अंजिराबाई पदर डोक्यावर ओढून ओट्यावर जाऊन बसल्या. फरशी तव्यासारखी तापलेली.

आत रेवती रडत रडत पोरीला हाक मारत होती, "अंजिरा... ए अंजिरा..."

सवयीनं 'ओ' द्यायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटून घेतलं.