चिखल कोणतंही रोप घेतो

सकाळी साडेसात वाजता भूमेश्वरीने तुलसाबाईंच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धानाची पहिली रोपं रोवली. तुलसाबाईंनी ती उपटून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, टाकली.

त्यांच्या घरची रोवणी लेकुरवाळीच सुरू करायची. मूल होत नाही म्हणून नवऱ्याने सोडलेली भूमेश्वरी नुकतीच चोरखमारा तलावाजवळच्या या गावी, वडिलांकडे परतली होती. ती वाकली, तीच रोपं उचलली आणि त्याच जागी पुन्हा रोवली.

पलीकडे चिखलणी करणारा ट्रॅक्टर थांबला. तुलसाबाईंचा मुलगा ओमेश्वर उतरला आणि रोपांची पुढची पेंडी त्याने स्वतः तिच्या हातात दिली. बोटांना बोटं लागली... दोघांचीही चिखलाने माखलेली. आई दिवसभर त्याच्याशी बोलली नाही.

मग रोज दुपारी रोवणाऱ्या बायांना पाणी पाजायला त्यालाच वेळ सापडू लागला. मालक पाणक्या झाला, असं बायांनी चिडवलं. त्याला राग आला नाही.

एकदा त्याने अडखळत विचारलं, डॉक्टर काय म्हणाले होते. तिने सरळ सांगितलं. गर्भाशयाचं अस्तर दर महिन्याला जाड होतं, पण गर्भाला रुजू देतं ते मोजकेच दिवस. गर्भ नेमका तेव्हाच पोचावा लागतो. तिचं अस्तर चांगलं होतं. नवऱ्याने स्वतःची तपासणी करून घेतलीच नाही.

"म्हंजे आमच्या चिखलणीसारखंच," तो म्हणाला. "चिखल बसून गेला का रोप धरत नाही."

"नाही. चिखल कोनतंबी रोप घेते. अस्तर पारखते. कमजोर वाटलं तं घेत नाही."

"आन् मी... कमजोर वाटून राहिलो काय?"

ती पहिल्यांदाच हसली. "मायपुढं बोलून दाखवा. मंग पारखीन."

संध्याकाळी धुऱ्यावर, सगळ्या बायांसमोर, तो बोलला. लग्न करीन तर भूमेश्वरीशी. लेकरू झालं तर झालं.

"काऊन?" तुलसाबाईंनी विचारलं. "गावात पोरी नाहीत का?"

"तू उपटलं, तरी तिनं रोवलं. म्हनून."

तुलसाबाई घरी निघून गेल्या. भूमेश्वरीने पायांचा चिखल धुतला. "मी अजून पारखून राहिली," ती म्हणाली — आणि जाताना तिने एकदा मागे वळून पाहिलं.

तिचं उत्तर अजून आलेलं नाही. तिने पुन्हा रोवलेली ती पहिली रोपं रुजून हिरवी झाली आहेत. आज सकाळी तुलसाबाई बराच वेळ त्यांच्याजवळ उभ्या होत्या. त्यांनी ती उपटली नाहीत.