तिरडीची दोरी आणि जीपचं चाक

टायरमध्ये हवा टिकायची तर टायर रिमला घट्ट चिकटलेला पाहिजे. आणि टायर रिमला चिकटायचा तर त्याला आतून हवेनं रेटलं पाहिजे. मग आधी काय?

हे कोडं तात्यांनी, म्हणजे आजोबांनी, पालवीला तीनदा घातलं होतं. तिन्ही वेळा ती "सांगते हं" म्हणून खेळायला पळाली होती.

आता उत्तर ऐकायला तात्या नव्हते. त्या दिवशी सकाळी सात वाजता ते गेले. उभी हयात त्यांनी भौतिकशास्त्रात घालवली आणि डोळे मात्र कुणा अनोळखी माणसाच्या नावे लिहून ठेवले. पारपटल (डोळ्यावरचा काचेसारखा पारदर्शक पडदा) सहा तासांच्या आत काढावं लागतं. म्हणजे दुपारी एकच्या आत.

सोसाट्याच्या वाऱ्यामुळे ड्रोन उडत नव्हते. म्हणून बाबा, पालवी आणि तात्यांचा यंत्रमानव भोपळ्या तात्यांच्या जुन्या जीपमधून तालुक्याला गेले. परतताना मागे नेत्रपेढीच्या डॉक्टर तांबोळी होत्या, आणि त्यांच्या पायाशी बांबू, मडकं, काथ्याची दोरी असं तिरडीचं सामान.

वेशीबाहेरच्या काळ्या चिखलातून जीप काढताना तात्या टायरमधली हवा कमी करत. टायर पसरतो आणि चिखलात रुतत नाही. डांबरी रस्ता लागला की ते हवा पुन्हा भरत. बाबांना त्या सकाळी यातला पहिला अर्धाच आठवला. जाताना निभावलं. येताना वेशीपाशी घाईत वळण घेतलं आणि मऊ पडलेला टायर रिमवरून निसटला. अकरा चाळीस झाले होते.

लोक जमले. मदतीला हात दोन आणि सल्ल्याला तोंडं सात. सगळ्यांच्या गाड्यांना बिनहवेची जाळीदार चाकं होती, त्यामुळे हवेबद्दल प्रत्येकाला सगळं ठाऊक होतं. शेजारच्या गल्लीतले शिवलिंगअप्पा म्हणाले, की त्यांचे आजोबा टायरमध्ये पेट्रोल शिंपडून काडी लावायचे, फट्कन बसायचा.

"तुमच्या आजोबांना बोटं किती होती?" भोपळ्यानं विचारलं.

"आठ," अप्पा म्हणाले.

भोपळ्यानं जॅक लावून चाक उचललं आणि पालवीला कडांवरचा चिखल पुसायला सांगितलं. मग जीपचा छोटा पंप जोडला. हवा जेवढी आत जाई तेवढी सूं करत बाहेर येई.

"बघ," भोपळ्या म्हणाला. "कड (टायरच्या काठाचा जाड गोल, ज्यात पोलादी तार असते) रिमपासून बोटभर सुटली आहे. फट मोठी, पंप लहान. दाब (हवेचा चहूबाजूंचा रेटा) तयारच होत नाही. आता सांग, उशीला कमरेत दोरी आवळली तर?"

"दोन्ही बाजूंनी फुगते."

"टायरचंही तसंच. मधोमध आवळला की कडा बाहेर सरकतात आणि रिमला टेकतात. एकदा टेकल्या की पुढचं काम हवा करते. उरलेल्या बारीक फटी साबणाचा फेस बुजवतो. शिवाय कड घसरून जागेवर जाते."

हात धुवायचा साबण डॉक्टरांच्या पेटीत होता. दोरी मात्र गाडीत एकच होती.

"तिरडीची दोरी दुसऱ्या कामाला लावत नाहीत," अप्पा म्हणाले. आतापर्यंत एकमेकांशी न पटणारी सात तोंडं या एका गोष्टीवर एक झाली. बाबांचा हात दोरीवरच थबकला.

पालवी हळूच म्हणाली, "तात्यांच्याच कामाला लावतोय ना, अप्पा?"

तिनं कडांना साबणाचा फेस फासला. बाबांनी टायरभोवती दोरीचे दोन वेढे दिले, त्यात बांबूचा तुकडा अडकवला आणि पीळ भरत गेले. सकाळपासून त्यांना रडायला सवड मिळाली नव्हती. ती आता मिळाली. पीळ भरत होते आणि डोळे वाहत होते. दुसरं टोक धरायला अप्पा आपणहून खाली बसले.

सूं आवाज बारीक होत होत थांबला. कडा टेकल्या होत्या. भोपळ्यानं आधी दोरी सोडवली, मग सगळ्यांना दूर उभं करून हवा वाढवली. एक फट्ट. थोड्या वेळानं दुसरा. दोन्ही कडा आपापल्या खाचेत बसल्या.

जीप दारात पोचली तेव्हा एक वाजायला वीस मिनिटं होती. डॉक्टर आत गेल्या, दार लागलं. पालवी ओट्यावर बसून राहिली. तात्यांना उत्तर सांगायला तिला फक्त काही तासांचा उशीर झाला होता.

दुपारी तिरडी बांधायला घेतली, तर दोरीवर टायरचे काळे पट्टे आणि साबणाचा वास. कुणीतरी नवी दोरी आणू म्हणालं.

"असू दे," शिवलिंगअप्पा म्हणाले. "तीच बांधा."

तीन आठवड्यांनी नेत्रपेढीचा निरोप आला: दोघांना दिसू लागलं आहे. नावं सांगायची पद्धत नसते. पालवीनं तात्यांची वही काढली. त्यात लिहिलेल्या कोड्याखाली त्यांनी तिच्यासाठी एक ओळ कोरी सोडली होती. तिनं लिहिलं, 'आधी बाहेरून आवळायचं. मग आतली हवा आपली आपण टिकते.'

मग खिडकीतून रस्त्याकडे पाहत बसली. कुठेतरी तात्यांचे डोळेही असाच एखादा रस्ता पाहत असतील.