सतरा नंबरचा डबा

दिग्विजय, मोबाईल पालथा ठेव. आरोही, अशी जवळ सरक. हे माझ्या ओळखीच्या अमृतच्या बाबतीत घडलंय. थापच मारायची असती तर मी हिरव्या लुगड्यातली बाई तरी आणली असती की!

गेल्या खंडेनवमीची रात्र, बुधवार. अमृत भवानी पेठेतल्या एका चादरीच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा. चादरीची नक्षी हल्ली लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवर काढतात. रोज रात्री अकरा चाळीसला त्याच्यावरून आपोआप काहीतरी कुठंतरी जायचं. मालक भारतशेठ म्हणाले, "नक्षी चोरीला जातीय. चावी तुज्याकडं, पासवर्ड तुज्याकडं. सकाळी चोर दाखव, न्हायतर दसऱ्याचं सोनं घ्यायला येऊ नगंस."

अमृतला हे फार लागलं. दहा वर्षांत त्यानं सुताचा धागासुद्धा घरी नेला नव्हता.

पूजा झालेल्या यंत्राला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नसतो. पण नोकरीपुढं रीत कुठली? झेंडूची फुलं बाजूला सारून तो अकराला बसला. अपडेट बंद केलं. एकेक प्रोग्राम बंद केला. फायरवॉल लावून बाहेरची वाट अडवली. अकरा चाळीस झाले आणि पडद्यावर ओळी पळायला लागल्याच.

"आता काय डोकं फोडून घिऊ?" त्यानं टेबलावर मूठ आपटली.

मग ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी उघडली. जिथं आधी बघायचं, तिथं आपण सगळेच शेवटी बघतो. एक ओळ सापडली. धोंडप्पा मास्तरांनी लावलेली. मास्तर कारखान्याचे जुने नक्षीकार. दिवसभराच्या नक्षीची प्रत रात्री स्वतःच्या सतरा नंबरच्या कॉम्प्युटरवर घ्यायचे, चुका दुरुस्त करायचे आणि परत पाठवायचे. म्हणजे नक्षी बाहेर जातच नव्हती. घरातल्या घरातच जात होती.

चोरी नाहीच! अमृत एकटाच मोठ्यानं हसला.

आणि मग आठवलं...

मास्तर आषाढात वारले होते. सतरा नंबरचा डबा, म्हणजे त्यांचा कॉम्प्युटर, माळ्यावर पडून होता. वायर नाही. त्यातली डिस्क अमृतनंच काढली होती. हाका मारल्या तरी उत्तर यायला नको.

पडद्यावर उत्तर येत होतं.

सतरा... मिळालं.

सतरा... मिळालं.

त्यानं नेटवर्कची वायर उपटून जमिनीवर फेकली. ओळी थांबल्या. अकरा पंचेचाळीस.

एरवी पेठेत मागांच्या खडखडाटात शेजारचं बोलणं ऐकू येत नाही. त्या रात्री माग बंद होते.

माळ्यावर... घर्रर्र...

डब्यातला बारीक पंखा. फिरत होता.

अमृतनं कुलूप कसंबसं लावलं आणि पळाला.

सकाळी त्यानं सगळं सांगितलं. मालकांनी डबा खाली काढला, उघडला. आत धूळ. "ह्येच्यात तर कायबी न्हाय की!" ते चिडले. "मला येडा समजतूस व्हय?"

अमृतनं कॉम्प्युटरवर यादीतली ती ओळ दाखवली. मग मालकांनी नव्या चादरीची नक्षी उघडायला लावली. मोराच्या चोचीत एक धागा तुटत होता. तीन दिवस अमृतच्या हातून तो जुळला नव्हता, आणि त्यावरून रोज बोलणी बसत होती.

धागा जुळलेला होता.

"रात्री तू जोडलास?"

अमृतनं मान हलवली. नाही.

मालकांनी आपट्याचं एक पान अमृतच्या हातावर ठेवलं. एक त्या रिकाम्या डब्यावर.

अमृतनं फाईलची वेळ बघितली.

अकरा बावन्न.

वायर अजून जमिनीवरच पडली होती.