ज्वारीच्या कोठीतलं हँडल

मी गाडीच्या आत होते, आणि बाहेरून कुणीतरी दाराला चावी लावली.

त्या गाडीला कित्येक वर्षांत चावी लागली नव्हती. रावेरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला आमचा मळा. मळ्यातल्या छपरीत, कडब्याच्या गंजीमागे ती काळी ऑस्टिन उभी. जंगलखात्याचा गोरा साहेब सत्तेचाळीस साली देश सोडून निघाला, तेव्हा ती माझ्या वडिलांच्या, आबांच्या हवाली करून गेला. 'माझा माणूस चावी घेऊन येईल. तोवर सांभाळ, मोडू देऊ नको.' आबांनी शब्द दिला. तेव्हापासून दसऱ्याला झेंडूची पहिली माळ गाडीला आणि दुसरी नांगराला. गावातलं कुणी तिला नुसतं बोट लावायला गेलं, तरी आबा खाटेवरून उठून बसायचे.

आबांना एकच गोष्ट ठाऊक नव्हती. मागच्या एका दाराचं कुलूप लागतच नव्हतं, आणि त्या दारानं आत शिरून मी केळी पिकवायची. काचा लावल्या की आत अशी ऊब धरायची... सीटवर पेंढा, पेंढ्यावर हिरव्या फण्या, वरून गोणपाट. चार दिवसांत सोनं.

तर मी फण्या मांडत होते, आणि पुढचं दार करकरलं. एक डोकं आत आलं. भुवयांवर रस्त्याची धूळ, डोळे मात्र धुतल्यासारखे.

"अरे," ते डोकं म्हणालं, "गाडीला तर केळी लागलीत."

"कोण तुम्ही?"

"तुम्हीच आधी सांगा. चावी माझ्याकडे आहे."

"आणि विळा माझ्याकडे."

त्यानं विळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं... आणि हळूच हात वर केले. तरी हसत होता. हसणाऱ्या परक्या माणसावर विश्वास ठेवू नये, असं आमची आई सांगायची.

आबांनी त्याला खाटेवर बसवून खोदून खोदून विचारलं. नाव लीलाधर, राहणार धुळे, काम मोटारींच्या दुरुस्तीचं. मामा इथलेच, सावद्याचे. वडील साहेबांचे ड्रायव्हर होते. साहेबांनी जाताना गाडी त्यांनाच देऊन टाकली होती. पण त्यांना लकवा झाला, येणं झालंच नाही. आषाढात ते गेले, आणि त्यांच्या पेटीत ही चावी निघाली.

"चावी तं कोनीबी आनीन," आबा म्हणाले. "साहेबाचा मानूस असशीन तं गाडी चालू करून दाखव. मंग ने."

"दाखवतो, आबा."

केळ्यांबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. फक्त एकदा माझ्याकडे बघितलं. ते मला मुळीच आवडलं नाही. एक गोष्ट इतक्या सहज लपवणारा माणूस दहा लपवत असेल.

तो सायकलवर बसून दिसेनासा झाला, तशी मी छपरीत गेले. पुढच्या सीटखाली गाडीचं हँडल होतं. लांब, वाकडं, लोखंडी. गाडीच्या नाकात घालून ते फिरवलं की इंजिन सुरू होतं, एवढं मी लहानपणी पाहिलं होतं. ते पदराखाली घातलं, घरी आणलं आणि ज्वारीच्या कोठीत तळाशी खुपसलं. आता कर चालू.

पुढच्या रविवारी तो आला तो सायकलला बॅटरी बांधून, हातात पेट्रोलचा डबा. दुपारपर्यंत शोधाशोध केली.

"हँडल दिसत नाही," तो म्हणाला.

"कोल्ह्यानं नेलं असेल. इकडे कोल्हे फार."

"असं?... मग कोल्ह्यानं एखादी गाडीही घेतली असेल."

"घेतली असेल. तुम्हाला जुन्या गाड्यांची फार हौस दिसते."

त्याचा चेहरा क्षणभर बदलला. मी ते टिपून ठेवलं.

तरी तो येत राहिला. शनिवारी मामाकडे मुक्काम, रविवारी सकाळी मळ्यात. कधी काही उघडून पुसायचा, कधी काही पुसून परत लावायचा. आबा खाटेवरून पहारा करायचे. जेवणानंतर मात्र पहाऱ्याचा डोळा लागायचा. लीलाधर आधी माझ्या फण्या उचलून बाजूला ठेवायचा आणि काम झालं की पुन्हा जशाच्या तशा लावायचा – हिरव्या खाली, पिवळ्या वर. मी मोजायची. एकही कमी नसायचं.

"एक घेऊ का?" त्यानं एकदा विचारलं.

"आबांना सांगणार नसाल तर."

"सांगायचं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं." केळं सोलता सोलता तो थांबला. "पण मग... तुम्ही कशाला आला असता इथे?"

मी गोणपाट सारखं करायला लागले. ते सारखंच होतं. कान तापले होते. त्या दिवसापासून मला माझ्या कानांचाही संशय यायला लागला.

आणि मग बेबाबाई आली. शेजारची, माहेरून जामनेरहून परत आलेली. ओट्यावर बसून आईला सांगत होती, "अवं, तिकडे एक मानूस फिरू र्‍हायला. गोड बोलतो. कोनाच्या गोठ्यात, कोनाच्या वाड्यात जुन्या मोटारी पडेल असतीन त्या हुडकतो. मंग धुळ्याहून ट्रक येतो, अन् मोटार मोडून भंगारात."

"दिसतो कसा?" मी विचारलं.

"तरनाताठा. हसतमुख."

माझ्या हातातली परात खाली ठेवायला मला बराच वेळ लागला.

रविवारी मी गाडीच्या पुढे उभी राहिले. दर रविवारसारखी त्यानं चाकांत पुन्हा हवा भरत आणली होती.

"जामनेरला गाड्या शोधत कोण फिरतं?"

पंपाचा आवाज थांबला. तो खोटं बोलेल, अशी मी तयारीच केली होती. त्यावर काय बोलायचं तेही ठरवलं होतं.

"मी," तो म्हणाला.

"तुम्हीच?"

"जामनेरची मी शोधली. अमळनेरच्या बाजूचीही. माझा मालक त्या मोडून सुटे भाग विकतो. चोरली एकही नाही, दाम देऊन घेतल्या. पण मोडायला मीच नेल्या."

"आणि ही?"

"हिचंही नाव मीच सांगितलं होतं त्याला. चावी सापडली तेव्हाच." तो पंपाकडे बघत बोलत होता. "इथे आलो, दार उघडलं... आणि परत जाऊन सांगितलं, तिथे गाडी नाही. केळ्यांची भट्टी शे."

मला हसू येत होतं आणि ते येऊ द्यायचं नव्हतं. "हे मी खरं कशावरून मानू? हँडल मिळालं की न्याल आणि मोडाल. आबांनी शब्द दिलाय. मोडू देणार नाही म्हणून."

"हँडल कशाला लागतं?" तो म्हणाला.

"म्हणजे?"

त्यानं छपरीच्या दाराबाहेर हात केला. दारापासून थेट विहिरीपर्यंत उतार. असा उतार, की रिकामी बैलगाडी बैलांच्या पुढे पळायला बघते. "गिअरमध्ये टाकून तिथून नुसती सोडली की सुरू होते. मागचे चार रविवार तयारच आहे ती."

मी उताराकडे बघत राहिले. रोज बघायची मी तो उतार...

"मग केली का नाही?"

"चालू झाली असती," तो अगदी हळू म्हणाला, "तर रविवारी यायला काय कारण सांगितलं असतं?"

लिंबावर कुठेतरी होला घुमत होता. आबांचं घोरणं एका लयीत चाललं होतं. मला एवढंच कळत होतं – हँडल दिलं की गाडी जाणार. गाडी गेली की रविवार जाणार. आणि नाही दिलं, तर या माणसाचं खरं बोलणं मी ऐकलंच नाही, असं होणार.

मी घरी गेले. कोठीत खांद्यापर्यंत हात घातला.

हँडल त्याच्या पुढे धरलं तेव्हा त्याला ज्वारीचे दाणे चिकटले होते. त्यानं ते एकेक करून काढले आणि माझ्या तळहातावर ठेवले. बोटं लागली नाहीत. न लागताही... असो.

"कोल्हा ज्वारी खातो वाटतं," तो म्हणाला.

हँडल फिरलं. गाडी खोकली, थरथरली, आणि छपरीतली चिमण्यांची सगळी वस्ती एकदम उडाली. आबा धडपडत आले. बॉनेटवर तळवा ठेवून उभे राहिले. डोळे भरून आले होते त्यांचे.

"ने बाप्पा," ते म्हणाले. "मी सुटलो." मग नाक ओढलं. "पन हिले पिकल्या केळाचा वास काहून येऊ र्‍हायला?"

"पेट्रोल जुनं शे, आबा," लीलाधर म्हणाला.

गाडी बाहेर काढून, इंजिन चालू ठेवूनच तो खाली उतरला. हँडल माझ्या हातात दिलं.

"हे राहू द्या तुमच्याकडे."

"आणि वाटेत बंद पडली तर?"

"उतार बघून थांबेन. आठवडाभर धुळ्यात उतार शोधत फिरेन." हसला नाही. पहिल्यांदाच हसला नाही. "तुम्हीच ठेवा. म्हणजे परत यावंच लागेल."

धूळ खाली बसली. मी मात्र ठरवून टाकलं की गेला तो गेला. गोड बोलणारा, हसतमुख. जामनेरलाही असंच काही देऊन आला असेल. सोमवार ते शनिवार मी हँडलकडे बघितलंसुद्धा नाही. फक्त ते कोठीत आहे ना, एवढं चाचपायची.

रविवारी सकाळ गेली. दुपार झाली. गाडीचा आवाज नाही.

उन्हं कलायला लागली तेव्हा बांधावरून तिघं चालत येताना दिसली. पुढे सावद्याचे मामा, मागे लीलाधर, घामानं निथळत. मध्ये डोक्यावर पदर घेतलेली एक बाई, चपला हातात, कपाळाला आठ्या.

"गाडी फाट्यावर सपाटीला बंद पडली," तो मला म्हणाला. "हँडल द्या."

त्याच्या आईनं मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. पहिल्या दिवशी त्यानं माझ्या विळ्याकडे बघितलं होतं ना, तशाच नजरेनं.

"हाईच शे का ती हँडलवाली?" तिनं मुलाला विचारलं. "इन्हापायी माले इतलं चालाडं तू?"

"हो, माय."

तिनं लांब श्वास सोडला, आबांच्या खाटेवर टेकली आणि मला म्हणाली, "पानी दे बेटी. अन् ते हँडलबी आन. जाताना सपाटीवर तूच फिरव, मी नही चालणार आता."