मोकळ्या पायांचा आवाज

सकाळी साडेनऊला लिओना ग्रब्ज तळघरातल्या कोठडीत गेली. मिसुरीतल्या त्या छोट्या न्यायालयात कैद्यांना वर नेण्याचं काम ती एकोणीस वर्षं करत होती. आजचा आरोपी कर्टिस वॅडली. धान्याचं कोठार जाळल्याचा आळ होता त्याच्यावर.

"बाई, आज तरी काढा की हे," कर्टिस पायांतल्या साखळीकडे बघत म्हणाला. "निकाल देणारे ते बारा जण मला असं बघतील, आणि झालंच मग."

"माझ्या हातात असतं तर काढलं असतं रे. चल."

वर त्याच्या वकीलबाईंनी हरकत घेतली. "साहेब, गुन्हा अजून शाबित व्हायचाय. हा कधी कुणाच्या अंगावर धावलेला नाही."

न्यायाधीश पेल्टननी मानही वर केली नाही. "बेड्या राहतील. ज्यूरींना बोलवा."

बारा जण आत येऊ लागले. कर्टिस उभा राहिला... साखळी हलली, पण वाजली नाही. लिओनानं चमकून पाहिलं.

तेवढ्यात खळ्ळकन आवाज आला. ज्यूरींच्या बाकांकडून. सगळ्यांत आधी आत आलेली म्हातारी बसली तेव्हा. मग दुसरा बसला, तिसरा... प्रत्येकाच्या पावलागणिक लोखंड जमिनीवरून फरफटत होतं. माणसं वाकून आपापले पाय चाचपू लागली. पायांत काहीच नव्हतं. दालनभर गंजाचा ओला वास पसरला.

"थांबवा हे," म्हणत न्यायाधीश उठले. आणि त्यांच्या काळ्या झग्याखालूनही तोच आवाज आला.

ते मटकन बसले. लिओनाला देवळात उभं राहिल्यासारखं वाटलं. आपोआप तिनं डोक्यावरची टोपी काढली.

"लिओना..." न्यायाधीश पुटपुटले. "काढ त्याच्या."

किल्ली फिरली. बर्फासारखं गार लोखंड गळून पडलं, आणि सगळीकडे शांत झालं.

न्यायाधीशांनी ती ज्यूरी बरखास्त केली. महिन्याभरानं नव्या बारा जणांपुढे कर्टिस मोकळ्या हातापायांनी उभा राहिला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि त्याला निर्दोष सोडलं.

पण त्या पहिल्या दिवशी, सगळे पांगल्यावर, ज्यूरीतली ती म्हातारी जिन्यात लिओनासाठी थांबली होती. तिनं मोजा खाली सरकवला. घोट्याभोवती काळाकुळकुळीत, जाड घट्टा पडला होता.

"तुम्ही कैदी पाहिलेत, म्हणून विचारते," ती हळूच म्हणाली. "सकाळी मोजा घालताना पाय साफ होता. असा घट्टा पडायला... किती वर्षं लागतात हो?"