दिवसाचे पडदे

इतिहास मंडळाने दीपगृहाला रंग दिला होता, जिन्याला नवा कठडा बसवला होता आणि दारात एक पाटी लावली होती. सगळं गाव जिला थोरली म्हणतं, त्या म्हातारीने ती अक्षराला अक्षर जोडून वाचली. दिव्याचे सात रखवालदार. सातव्या नावापुढे लिहिलं होतं : काम टाकून पळाला.

सातवा तिचा नवरा. एका सकाळी दिवा जागेवर होता, माणूस नव्हता. तेव्हापासून चाळीस वर्षं तिने ‘पळपुट्याची बायको’ ऐकलं, आणि म्हणणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. पण पाटीला शिव्या घालून काय होणार?

“हे पुसा,” ती मंडळाच्या चिटणिसाला म्हणाली.

“आजी, पुरावा लागतो.”

“तुम्ही रांगत होतात तेव्हा मी या जिन्याने पाण्याच्या बादल्या चढवल्यात. मला पुरावा मागताय?”

तिला शांत करावं म्हणून तो तिला वर घेऊन गेला. बाहेर टळटळीत दुपार, आणि दिव्याच्या खोलीत अंधार. सगळे पडदे ओढलेले.

चिटणीस ओशाळला. “लोक समुद्र बघायला येतात हो. रोज उघडून बांधतो. किल्ली माझ्याच खिशात. तरी तासाभरात पुन्हा बंद.”

“अकलेचे कांदे! एवढ्या भिंगातून ऊन गेलं तर आग लागेल. दिवसा पडदे ओढायचे, हे इथलं पहिलं काम.”

“ते ठीक. पण ओढतं कोण?”

थोरलीने भिंगावरून बोट फिरवलं. धुळीचा कण नाही. तेलाच्या फडक्याचा वास, अगदी ताजा. तिने पडद्याची दोरी हातात घेतली. गाठ उलटी, डावखुऱ्याची. हीच गाठ तिने संसाराची बारा वर्षं करवादत, नखं मोडत सोडवली होती.

“बघा, पळाला नव्हता!” असं ती म्हणणारच होती. तेवढ्यात पडद्याच्या फटीतून तिला खालचं अंगण दिसलं.

पळाला नव्हता, म्हणजे इथेच होता. खाली पायथ्याशी तिचं घर. इथून दोरीवरचे कपडे दिसतात. तीन पोरं तिने एकटीने वाढवली, एक पुरलं. आणि हा इथे भिंग पुसत होता.

“पाटी राहू द्या,” ती म्हणाली. “पळालाच तो.”

दोघं उतरू लागली. अर्ध्या जिन्यावर असताना वर पावलं वाजली. सावकाश, भिंगाभोवती.

चिटणिसाने कठडा घट्ट धरला.

थोरली थांबली. चाळीस वर्षं न उच्चारलेली हाक तिने वर टाकली.

“अहो!”

पावलं थांबली.

मग वरच्या दाराला आतून कडी लागली.